अनाथांचे पालक महर्षी अण्णासाहेब कर्वे

दापोली तालुक्यातील मुरूड या समुद्रकाठच्या गावी वाढलेले धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी त्यांच्या आजोळी, शेरवली येथे झाला. घरची स्थिती गरिबीची. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेसाठी ते सोबत्यांसह सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले. परंतु अंगाने लहानखुरे असल्यामुळे त्यांचे वय कमी दिसते, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. शिक्षणाच्या दारातून परत फिरावे लागण्याचे दुःख त्यांना असे लहानपणीच कळले. पुढे मुंबईस शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले व १८८४ साली ते बी. ए. झाले.

स्वतःची मिळकत बेताची असतानाही त्यांनी आपल्या नात्यातील रघुनाथ परांजपे या हुशार मुलास मुंबईस आणून आपल्याजवळ ठेवले. हाच मुलगा १८९९ साली केंब्रिज येथे सीनियर रँग्लर झाला. घरात ताट वाढून भागत नाही, मुलाच्या अभ्यासाची काळजीही शेवटपर्यंत वाहावी लागते, ही अण्णासाहेबांची रीत तेव्हापासूनची होय.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे सर्वांच्या बाया कर्वे, म्हणून ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. ज्या गावाच्या शिक्षणासाठी त्यांनी पै-पै जमवून मुरूड फंड उभारला होता, त्याच गावी स्वतःच्या घरी उतरणे त्यांना अशक्य झाले.

त्या काळी अजाणत्या वयात लग्न आणि अजाणत्या वयातच वैधव्य, हे कित्येक मुलींच्या नशिबी येई. माहेरी भावाच्या घरी किंवा सासरी राबावे, एवढेच त्यांचे आयुष्य उरे. पुनर्विवाह करतील अशा मुली थोड्याच. उरलेल्यांना स्वतःच्या पायांवर उभे करील असे शिक्षणच हवे, हे ओळखून अण्णासाहेबांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पालकांचा विश्वास बसावा म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, असा दंडक त्यांनी घातला. त्याबद्दल सनातन्यांप्रमाणेच सुधारकांचेही बोल त्यांना ऐकावे लागले.

पुण्यात प्लेगची साथ आल्यानंतर १९०० साली आश्रम शहरापासून चार मैलांवर, हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तो भाग आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो. कॉलेजातील तास संपले की अण्णासाहेब आश्रमास लागणारे सामान घेऊन पायी हिंगण्यास जात, मुलींना शिकवीत आणि पुन्हा शहराची वाट धरीत. आनंदीबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले या विधवा होत्या व त्यांना एक मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर त्यांनी शिक्षणास आरंभ केला. पुढे त्याच आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या आणि वर्गणीसाठी अमेरिकेपर्यंत गेल्या.

तथापि केवळ अन्न, वस्त्र आणि चार इयत्ता एवढ्याने अण्णासाहेबांचे समाधान झाले नाही. उशिरा अक्षरओळख झालेल्या मुलीला इंग्रजी माध्यमातून पदवी गाठणे फार कठीण होते. तेव्हा मुलीचा दोष न काढता त्यांनी वाटच बदलली. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले आणि मातृभाषेतून उच्च शिक्षण सुरू केले. कॉलेजात आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! विद्यापीठास सरकारी मान्यता नव्हती, तरीही गृहीतागमा ही पदवी देण्यात आली. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली. कायदेशीर मान्यता मात्र १९५१ साली मिळाली. म्हणजे त्यासाठी पस्तीस वर्षे वाट पाहावी लागली.

या कार्यात उणीवही होती. आश्रमाचा लाभ आरंभी मुख्यतः ब्राह्मण विधवांनाच मिळाला. अण्णासाहेबांची दृष्टी पुढे अधिक विस्तारली. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, १९४४ साली, त्यांनी समता संघ स्थापन केला.

१९५८ साली, वयाची शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा, त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

वाचकहो, पोरक्या मुलास सणावारी जेवू घालणे व नवे वस्त्र देणे हे पुण्यकर्म आपण करतोच. परंतु शाळा संपली की त्या मुलाचे पुढे काय होते, याची चौकशी आपल्यापैकी किती जण करतात? कॉलेजची फी, राहण्याची सोय, परीक्षेच्या दिवसांत विचारपूस करणारे एखादे वडीलधारे माणूस, एवढे पदवी हाती पडेपर्यंत त्याला लाभले पाहिजे. एका घराने एका मुलाची अशी काळजी शेवटपर्यंत वाहिली, तर अण्णासाहेबांचे स्मरण खऱ्या अर्थाने केल्यासारखे होईल.