पाण्यातली मानकरीण : आयरीन स्टीअर

माझे शिक्षण सातवीपर्यंत. लेख लिहिण्याची सवय नाही. पण स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून एका परदेशी मुलीची हकीकत सांगते. चुकलेमाकले पदरात घ्यावे.

माझे माहेर नदीकाठचे. पाठीला भोपळा बांधून वडिलांनी मला पोहायला शिकविले. बारावे वर्ष लागले आणि आजीने नदी बंद केली. गेल्या उन्हाळ्यात माझ्या धाकटीने पोहण्याच्या तलावावर जाण्याचा हट्ट धरला, तेव्हा मीही आजीसारखीच नाही म्हणाले. पोर रुसली. पुढे तिच्याच एका पुस्तकातून मला आयरीन स्टीअर कळली.

आयरीनचा जन्म १० ऑगस्ट १८८९ रोजी वेल्समधील कार्डिफ शहरी झाला. कार्डिफ म्हणजे त्या काळी कोळशाच्या व्यापाराचे मोठे बंदर होते. वडिलांचे कापडाचे दुकान. गावातल्या रोथ पार्क तळ्यात ती पोहू लागली. हात इतका बसला की १९०७ पासून वेल्सच्या शर्यती तिने वर्षानुवर्षे जिंकल्या. तिची शर्यत मुक्त शैलीची, म्हणजे पोहणाऱ्याने हवी ती पद्धत वापरावी. वेग तेवढा महत्त्वाचा.

त्या काळी ऑलिंपिकमध्ये बायकांना पोहण्याची मनाई होती. ते सामने ज्यांनी पुन्हा सुरू केले, त्या कूबेर्तँ यांनाच बायकांचे खेळणे पसंत नव्हते. अखेर १९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे बायकांसाठी पोहण्याच्या दोन शर्यती ठेवल्या. अमेरिकेने तर आपल्या मुली पाठविल्याच नाहीत. ब्रिटनच्या मुलींवर देखरेखीसाठी क्लारा जार्विस नावाच्या बाई सोबत होत्या. म्हणजे घरच्यांची काळजी तिथेही आपल्यासारखीच!

पोहण्याचा तलावही बांधीव नव्हता. खाडीतच जागा आखली होती. १०० मीटरच्या शर्यतीत उपांत्य फेरीत आयरीनची दुसऱ्या पोहणारीशी टक्कर झाली आणि पंचांनी तिला बाद ठरविले. एवढ्या लांब येऊन असे व्हावे! दुसरी एखादी हाय खाऊन बसली असती.

परंतु थोड्याच दिवसांनी, १५ जुलैला, चौघींची शर्यत होती. एकीने १०० मीटर पोहून यायचे, मग दुसरीने उडी घ्यायची. ग्लासगोची सतरा वर्षांची बेल मूर, लेस्टरची जेनी फ्लेचर, लिव्हरपूलची ॲनी स्पीअर्स आणि शेवटी आयरीन. जेनी तर गिरणीत काम करून पोहण्याचा सराव करणारी. शेवटची फेरी आयरीनकडे आली आणि तिने मैत्रिणींचे श्रम वाया जाऊ दिले नाहीत. ५ मिनिटे ५२.८ सेकंदांत शर्यत संपली. तो जागतिक विक्रम ठरला. दुसऱ्या आलेल्या जर्मनीच्या मुली जवळजवळ बारा सेकंद मागे होत्या. ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविणारी आयरीन ही पहिली वेल्श स्त्री.

१९१३ साली १०० यार्डांचे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून तिने शर्यतींचा निरोप घेतला. पुढे एका डॉक्टरांशी विवाह करून ती कार्डिफमध्येच संसारात रमली. १९७७ साली, ८७व्या वर्षी, तिचे निधन झाले.

मला तिच्या पदकापेक्षा तो बाद झाल्यानंतरचा दिवस जास्त आठवतो. एकटीची हार झाली, पण चौघींच्या कामाला ती पुन्हा पाण्यात उतरली. आपल्या मंडळाचे तरी दुसरे काय असते? एकीचे चुकले तर तिघींनी सांभाळायचे आणि चुकलेलीने पुन्हा पदर खोचायचा.

माझ्या धाकटीला मी आता तलावावर घालते. काठावर सोबतीला बसते. मंडळाने खटपट करून तिथे बायकांसाठी आठवड्यातून एक वेळ राखून घेतली, तर पहिले नाव माझे लिहावे. भोपळा मात्र लागेल!