नूर इनायत खान

बडोद्याचे गायक व सूफी साधक इनायत खान यांची कन्या नूर हिचा जन्म १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्को येथे झाला. फ्रान्समध्ये वाढलेली ही शांत स्वभावाची मुलगी बालकांसाठी कथा लिहीत असे.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स जिंकला. नूर इंग्लंडला गेली व विमानदळात बिनतारी संदेश पाठविण्यास शिकली. ब्रिटिश विमानदळाची १६१ क्रमांकाची तुकडी चांदण्या रात्री गुप्त हेरांची ने-आण करीत असे. तिच्याच चिमुकल्या लायसँडर विमानाने जून १९४३ मध्ये नूर फ्रान्समधील एका शेतात उतरली.

थोड्याच दिवसांत तिचे बहुतेक सोबती पकडले गेले. परतण्याची संधी असूनही नूर मागे राहिली. कारण पॅरिसहून संदेश धाडणारे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. ऑक्टोबरमध्ये तीही पकडली गेली. साखळदंडांतही तिने सोबत्यांचा भेद सांगितला नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत तिला ठार मारण्यात आले. १९४९ साली तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक देण्यात आले.