‘जेल’ शब्दाचे जनक : थॉमस ग्रॅहम

केसांना लावायचे जेल आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाचे आहे. हा शब्द शास्त्राला देणारे थॉमस ग्रॅहम मात्र आपल्या फारसे परिचयाचे नाहीत.

त्यांचा जन्म डिसेंबर १८०५ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. वडील कापडाचे कारखानदार. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही त्यांची इच्छा. परंतु १८१९ मध्ये विद्यापीठात गेलेल्या या मुलाला रसायनशास्त्राचे वेड लागले. वडिलांनी पैसे बंद केले. आई व बहीण पाठीशी राहिल्या, आणि शिकवण्या व लेखन करून ग्रॅहम यांनी निभावून नेले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मी आय.टी.आय. करावे असे वडिलांना वाटत होते. मी इतिहासाचा हट्ट धरला, तरी फी त्यांनीच भरली. ग्रॅहम यांच्या नशिबी तेवढेही नव्हते.

पुढे १८३७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये सरकारी टांकसाळीचे प्रमुखपद मिळाले, तरी प्रयोग थांबले नाहीत. मीठ-साखर चर्मपत्री कागदाच्या पडद्यातून पाण्यात सहज उतरते, गोंद आणि सरस मात्र अलीकडेच राहतात, हे त्यांनी पाहिले. १८६१ मध्ये त्यांनी पहिल्यांना स्फटिकाभ व दुसऱ्यांना कलिल म्हटले. या निवडीच्या रीतीला त्यांनी दिलेले नाव म्हणजे डायलिसिस. १८६४ मध्ये ‘जेल’ हा शब्द आला.

माझ्या मामांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून दोनदा ते यंत्राला जोडलेले असतात. रक्तातील लहान घाण पडद्यापार जाते, प्रथिने व रक्तपेशी मागे राहतात. तत्त्व तेच.

आज शास्त्र आणखी पुढे गेले आहे. दोन-तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड इतके लहान, की ते पडद्यातून पार व्हावे. तरीही काही पेप्टाइडे पाण्यात आपणहून एकमेकांना धरतात, त्यांचे सूक्ष्म धागे होतात, धाग्यांच्या जाळ्यात पाणी अडकते आणि जेल तयार होते. २००३ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी केवळ दोन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडापासून अतिसूक्ष्म नळ्या बनलेल्या दाखवल्या. लहान-मोठ्यांमधली भिंत अभेद्य नाही. एकच पदार्थ दोन्ही अवस्थांत असू शकतो, हे ग्रॅहम यांनीही ओळखले होते.

१६ सप्टेंबर १८६९ रोजी लंडनमध्ये ते वारले. वडिलांना हवा असलेला धर्मोपदेशक ते झाले नाहीत. पण डायलिसिसहून आल्यावर मामा घासभर जेवतात, त्यात ग्रॅहम यांच्या हट्टाचा वाटा आहे, असे मी मानतो.