एकीकडे दुष्काळ, दुसरीकडे प्लेग: बेघर झालेल्या ३०० जणींना पंडिता रमाबाईंनी कसं सावरलं?

मे २०२०. मुंबईत काम बंद पडलेले चाकरमानी मालवण, तारकर्ली, देवगडकडे परतत होते. गावात पोहोचले तरी अनेकांना थेट घरी जाता येत नव्हतं. आधी १४ दिवस शाळेत किंवा वेगळ्या खोलीत राहायचं. गावाला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांना उद्याची चिंता. जेवणाची सोय होत होती, पण मनावर आलेल्या ताणाचं काय, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच उशिरा विचारला गेला.

त्या वेळी सरकारने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ सालचा होता. मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रज सरकारने तो आणला होता. प्लेगच्या धास्तीने मुंबईची जवळपास निम्मी वस्ती शहर सोडून गेली होती. त्याच दिवसांत पुण्यात एक बाई मध्य भारतातल्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना आसरा देत होत्या. त्यांचं नाव पंडिता रमाबाई.

त्यांनी हे काम का हाती घेतलं, हे समजण्यासाठी त्यांचं लहानपण बघायला हवं.

दुष्काळात कुटुंब गेलं

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे पंडित. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणं त्या काळात लोकांना खपत नव्हतं, तरी त्यांनी शिकवलं. पुढे कर्ज झालं, घर गेलं आणि हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरू लागलं.

दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याकडचं सगळं संपलं. जंगलातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. मुलांचा निरोपही घेऊन झाला होता. अखेर भाऊ श्रीनिवासने पंडिताचा मान बाजूला ठेवून मजुरी करण्याची तयारी दाखवली आणि तो प्रसंग टळला. पण उपासमारीने खचलेले वडील १८७४ मध्ये गेले. त्यांच्यामागे आई आणि मोठी बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं हजारो किलोमीटर पायी फिरली. उत्तरेतल्या थंडीत अंगावर पुरेसे कपडे नव्हते. नदीकाठी खड्डे करून, वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्री काढल्या.

१८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न केलं. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने तेही गेले. तेव्हा रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

पुणे, इंग्लंड, अमेरिका आणि शारदा सदन

त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू केला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेत भाषणं देऊन, पुस्तक लिहून त्यांनी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

संस्थेत मुलींना ख्रिस्ती केलं जातं, या आरोपावरून १८९३ मध्ये मोठा वाद झाला. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद रमाबाईंच्या नावाभोवती कायम राहिला.

मुली भात खात होत्या, पण घाबरलेल्या होत्या

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं आणि रमाबाई तिकडे निघाल्या. आपण भोगलेले दिवस त्यांना आठवत होते. दुष्काळी छावण्यांत एकट्या पडलेल्या मुलींची स्थिती वाईट होती. काहींना फसवून विकलं जात होतं, काहींवर अत्याचार झाले होते. कुणाचंही घर उरलं नव्हतं. नेणाऱ्या बाईबद्दलही अफवा होत्या. त्यामुळे काही मुली यायलाच तयार नव्हत्या.

सुमारे ३०० जणी आल्या. पण पुण्यात प्लेगचे निर्बंध लागले होते. एका आवारात इतक्या जणींना ठेवणं अशक्य झालं. पुण्याहून दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेतली होती. तिथे तात्पुरते निवारे उभारून मुलींना हलवलं गेलं.

प्लेगच्या रुग्णालयात आणि विलगीकरण छावण्यांत बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दलही त्या बोलल्या. १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या नियतकालिकात पत्र लिहून त्यांनी तिथल्या असुरक्षिततेवर बोट ठेवलं. सरकारने आरोप फेटाळले. पण घराबाहेर काढलेल्या बाईची भीतीसुद्धा साथीच्या व्यवस्थेने मोजायला हवी, हे त्यांनी जाहीरपणे मांडलं.

केडगावात काय वेगळं होतं?

‘मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा वापरात नव्हता. रमाबाईंकडे डॉक्टरी उपचारही नव्हते. त्यांनी मुलींना तीन गोष्टी दिल्या: ठरलेला दिनक्रम, हाताला काम आणि सोबत. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुली नव्या आलेल्यांना सांभाळू लागल्या. म्हणजे कालपर्यंत निराधार असलेली मुलगीच आज दुसरीचा आधार होती. शाळा होती, शेती होती. पुढे विणकाम, तेलघाणा आणि छापखानाही आला. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवलं. अत्याचार झालेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन हे वेगळं घर झालं.

प्रार्थना हाही या दिनक्रमाचा मोठा भाग होता. कुणाला तो आधार वाटला, कुणाला धर्मप्रसार.

१८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात आणि राजपुतान्यातून आणखी मुली आल्या. केडगावच्या मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

शेवटची वर्षं

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिलं. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. कुटुंबातलं शेवटचं माणूसही उरलं नाही. तरी रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचं निधन झालं.

प्लेगच्या वर्षात तंबू-झोपड्यांमधून उभं राहिलेलं मुक्ती मिशन आजही तिथे सुरू आहे. संकटात घर सुटलेल्या माणसाला अन्न आणि छप्पर लागतंच. पण ते मिळाल्यावर त्याच्या मनातली भीती आपोआप जात नाही, हे रमाबाईंना ठाऊक होतं. कारण जंगलात पाला खाऊन जगलेल्या मुलीला ते कुणी शिकवावं लागलं नव्हतं.