पाखरांचे डॉक्टर सलीम अली

मंडळी, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबताना तुम्ही लहानपणापासून पाहिले आहेत. पण खोपा विणतो तो नर. मादी अर्धा खोपा पाहून पसंत करते आणि ती आत नांदायला आली, की हा गडी शेजारी दुसरा विणायला घेतो! १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला खोप्यांसमोर बसून हे सारे नोंदवले ते डॉ. सलीम अली यांनी.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईबाप लहानपणीच गेले, मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा नाद होता. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली, हे विचारायला पोरगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला आणि जन्मभर तिथलाच झाला. विद्यापीठाची पदवी नव्हती. नावाआधीचे डॉक्टर पुढे सन्मानाने मिळाले.

राजस्थानातले भरतपूरचे पाणथळ त्यांच्या जिव्हाळ्याचे. तिथे संस्थानिक अन् साहेबांची मौजेची शिकार चाले. १९३८ साली एका दिवसात चार हजारांवर पाखरे पाडली गेली. स्वातंत्र्यानंतर तळे आटवून शेती करायची मागणी उठली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवले. १९८१ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आता पुढचे नीट ऐका. १९८२ साली तिथे म्हशींच्या चराईला बंदी आली. सलीम अलींचे मतही बंदीच्याच बाजूचे होते. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसे गेली. पण त्यांच्याच सोसायटीच्या अभ्यासकांनी दहा वर्षे नोंदी ठेवल्या, तेव्हा उलटेच निघाले. म्हशी थांबल्या, तसे गवत माजले, उघडे पाणी झाकले आणि बदकांचीच अडचण झाली. एवढ्या मोठ्या माणसाचा अंदाजही नोंदीपुढे टिकला नाही. पण नोंद ठेवायची शिस्त त्यांनीच घालून दिली होती.

आपल्या निफाड तालुक्यातले नांदूरमधमेश्वर पाहून त्यांना भरतपूरच आठवले होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले, १९८७ साली सलीम अली गेले. २०२० साली नांदूरमधमेश्वर महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले.

हिवाळ्यात तिथे पाखरांमागोमाग माणसांचीही गर्दी होते. तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळींनो, पाहुण्यांची गाडी कुठवर न्यायची, गुरे कुठे सोडायची, याचा ठराव करण्याआधी एक साधी वही घाला. कुठली पाखरे कधी आली, कशाने उठली, ते दोन-चार हंगाम लिहा. कुणाला अडवायचे, ते वही पाहून ठरवा. नाहीतर नुकसान पाखरांचेही होते अन् गावाचेही.