माता रमाई : सर्वांची माय, सर्वांची आजी

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. आम्ही काही लेखक नव्हे. गिरणीत पाळी करणारी माणसं, भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर झोपणारी. शाळा अर्धी सुटली, पुढचं जे शिकलो ते वस्तीतल्या वाचनालयात आणि चळवळीत. तरी पण विषय माता रमाईचा आहे म्हटल्यावर नाही म्हणवेना.

आपल्या दीपनगरच्या पोरांना रमाई कोण, असं विचारा. ती लगेच सांगतील की बाबासाहेबांच्या पत्नी, गोवऱ्या थापून संसार केला. बस्स, तिथंच थांबतात. फोटोला हार घातला, गाणी लावली, की जयंती झाली. पण ती बाई कुठून आली, तिने काय काय सोसले आणि सोसता सोसता काय उभे केले, हे सलग कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही सुरुवातीपासून सांगतो.

रमाईंचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 चा, रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या वणंद गावचा. वडील भिकू धुत्रे. त्यांना वलंगकर असेही म्हणत. ते दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. आईचे नाव रुक्मिणी. घर गरिबीचे. त्यात आई लवकर गेली, मागोमाग वडीलही गेले. पोरकी झालेली भावंडे नातेवाइकांनी मुंबईला भायखळ्याकडे आणली. पाठीवर हात फिरवणारे कोणी नाही अशी ही मुलगी. पुढे तीच साऱ्या समाजाची आई झाली!

सुभेदार रामजी आंबेडकर यांनी आपल्या भिवासाठी हीच मुलगी पसंत केली. लग्न झाले 1906 च्या सुमारास, भायखळ्याच्या बाजारात. दिवसभराचा बाजार उठल्यावर रात्री तिथल्याच मोकळ्या जागेत मांडव. नवरी नऊ वर्षांच्या आसपास, नवरदेव शाळेत शिकणारा. आज आपण हॉल बुक करतो, बॅन्ड लावतो, कर्ज काढतो. ज्यांच्या नावाने आपण उभे आहोत त्यांचे लग्न भाजीबाजारात लागले होते, हे लेकीच्या लग्नात जरा आठवावे.

12 डिसेंबर 1912 ला यशवंतराव जन्मले. पुढे दोन महिनेही झाले नाहीत तोच, 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजीबाबा वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला निघाले. रमाई तेव्हा पंधरा वर्षांच्या, मांडीवर सात महिन्यांचं पोर. न्यूयॉर्क कुठे आणि परळ कुठे! बाबासाहेब तिथून लंडनला गेले आणि ऑगस्ट 1917 मध्ये परत आले. म्हणजे चार वर्षे. ही चार वर्षे घर कोणी चालवले?

रमाई पहाटे बायकांबरोबर शेण गोळा करायला जात, गोवऱ्या थापून विकत, असे जुनी माणसे सांगत आली. ते आपण गाण्यांतून ऐकतो आणि डोळे पुसतो. पण नुसते डोळे पुसून भागत नाही. तो कष्टाचा हिशेब होता. आमच्यासारख्या पगारावर जगणाऱ्याला तो लगेच कळतो. पीठ किती, रॉकेल किती, वाण्याचे किती, पोराच्या औषधाचे किती. आठवड्याच्या शेवटी हातात काही उरत नाही तरी चूल पेटली पाहिजे. ही अक्कल कोणत्या कॉलेजात शिकवत नाहीत. आपल्या माया-आज्यांनी ती अंगावर काढून शिकली.

नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. महिना साडेचारशे रुपये पगार. त्या काळात ही फार मोठी रक्कम. आता तरी बाईला सुख लागेल, असे कोणालाही वाटले असते. पण बाबासाहेबांना लंडनचे अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. घरखर्चाला ठरावीक रक्कम द्यायची आणि बाकीची शिल्लक टाकायची, असे चालले. परळच्या बीआयटी चाळीतल्या खोल्या, तीच काटकसर. 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते 1923 ला बॅरिस्टर होऊन परतले, आणि त्याच वर्षी डी.एस्सी.ही झाले. साडेचारशे पगाराच्या घरात राहून गरिबासारखे दिवस काढायचे, कारण नवऱ्याचे शिक्षण हे साऱ्या समाजाचे काम आहे! यात रमाईंचा वाटा आपण कोणत्या वहीत लिहिला?

आता सगळ्यात जड गोष्ट. या माउलीची पाच लेकरे. यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू आणि धाकटा राजरत्न. यातला एकटा यशवंत जगला. गंगाधर गेला, रमेश गेला, इंदू गेली. राजरत्न फार लाडका होता. तोही जुलै 1926 मध्ये गेला. एवढे धीराचे बाबासाहेब, पण या मरणाने तेही खचले. कोल्हापूरकडचे आपले स्नेही दत्तोबा पवार यांना त्यांनी पत्र लिहून चारही लेकरांचे दुःख मोकळे केले. त्यांना पत्र लिहिता आले. रमाईंनी कोणाला लिहायचे? औषधपाण्याला पैसा कमी, चाळीतली हवा कोंदट, गरिबाघरी त्या काळी लेकरे अशीच जायची. आपल्या खान्देशातही जुन्या बायांना विचारा, किती झाली आणि किती जगली. बोटे मोजता मोजता गप्प होतात.

एवढे होऊनही घराचे दार बंद झाले नाही. थोरल्या दिरांच्या मागे राहिलेल्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि त्यांचा मुलगा मुकुंद हे त्याच घरात राहिले. रमाईंनी त्यांना अंतर दिले नाही. पुढे प्रकृतीसाठी धारवाडला गेल्या असताना वराळे यांच्या वसतिगृहातल्या मुलांना धान्य नाही हे कळल्यावर हातातल्या बांगड्या काढून दिल्या, ही गोष्ट तर घरोघर सांगितली जाते. म्हणून तर त्या रमाबाईच्या रमाई झाल्या.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. जानेवारी 1928 मध्ये मुंबईत आपल्या समाजातल्या बायकांचे मंडळ निघाले. त्याच्या अध्यक्षा रमाबाई आंबेडकर होत्या! महाडचा सत्याग्रह होऊन वर्षही झाले नव्हते. म्हणजे रमाई नुसत्या चुलीपुढे बसून राहिल्या नाहीत, बायकांच्या सभेतही पुढे बसल्या.

बाबासाहेबांचे जगणे तेव्हा सतत धोक्याचे. याची साक्ष आपल्या खान्देशातच आहे. ऑक्टोबर 1929 मध्ये सरकारी समितीचे सभासद म्हणून ते धुळ्याकडे आले होते. परत जाताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीच्या फरशीवर टांगा उलटला, घोडा आणि गाडी खाली गेली, बाबासाहेब दगडावर फेकले गेले. पाय मोडला. बॅरिस्टर झालेल्या माणसाची ही गत! दार उघडल्यावर आपला माणूस धडका येईल की नाही, याचा भरवसा नाही. कार्यकर्त्याच्या बायकोला हे सांगायला नको. रमाईंनी असे दिवस किती काढले असतील?

आता एक गोष्ट आम्ही मुद्दाम लिहितो, कारण ती बोलायला आपली माणसे अवघडतात. रमाईंना पंढरपूरला जायची फार ओढ होती. उपास-तापास करायच्या, विठ्ठलाचे दर्शन व्हावे वाटे. पण त्या काळी आपल्याला देवळाच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. लांब उभे राहून हात जोडायचे, हे बाबासाहेबांना कसे पटावे? त्यांनी रमाईंची समजूत घातली की जे पंढरपूर आपल्याला आत घेत नाही तिथे कशाला जायचे, आपण आपल्या सेवेने आणि कामाने दुसरे पंढरपूर उभे करू.

दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून झाले. परळच्या चाळीतून रमाई तिथे राहायला गेल्या, पण सुख भोगायला शरीर राहिले नव्हते. आजार लांबला. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्यांनी डोळे मिटले. वय जेमतेम सदतीस. अंत्ययात्रेला हजारो माणसे लोटली. यशवंतरावांनी जुन्या रिवाजाप्रमाणे विधी केले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 13 ऑक्टोबर 1935 ला, मनमाडजवळच्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

म्हणजे रमाईंना धम्मदीक्षा मिळाली नाही. नागपूरचा 14 ऑक्टोबर 1956 त्यांनी पाहिला नाही. काही जण विचारतात, मग विहारात त्यांचा फोटो कसा? आम्ही म्हणतो, मेत्ता, करुणा आणि दान त्यांनी पंचशीलाचे शब्द कानावर यायच्या आधीच आचरले. आणि पंढरपूरची ओढ त्यांच्यात होती यात लाजण्यासारखे काय आहे? आपल्या सगळ्यांच्या आज्या-पणज्या तिथूनच आल्या. लाज वाटायची तर दार बंद करणाऱ्यांना वाटावी. अमळनेरला शिक्षक राहिलेले आपले साने गुरुजी मे 1947 मध्ये उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते देऊळ उघडले. तोवर रमाईंना जाऊन बारा वर्षे झाली होती.

आणि दुसरे पंढरपूर? ते उभे राहिले. बाबासाहेबांवर दादर चौपाटीला जिथे अग्निसंस्कार झाले तिथे चैत्यभूमीचा स्तूप झाला. तो कोणी उभा केला? रमाईंच्या पाच लेकरांतून जगलेल्या एकट्या लेकाने, भैय्यासाहेब यशवंतरावांनी गावोगाव फिरून. 5 डिसेंबर 1971 ला त्याचे उद्घाटन झाले ते रमाईंच्या सूनबाई मीराताईंच्या हस्ते! दर 6 डिसेंबरला भुसावळ स्टेशनावरून भरभरून जाणाऱ्या गाड्या पाहा. तिथे कोणाला लांब उभे राहावे लागत नाही. सासूला मिळाले नाही ते सुनेच्या हाताने साऱ्यांना मिळाले.

रमाईंनी नातवंडे पाहिली नाहीत. भैय्यासाहेबांचे लग्नच 1953 साली झाले. पुढे एका नातीला आजीचेच नाव मिळाले. पण खरे पाहता आपण सगळेच त्यांची नातवंडे. बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला मोठा इंग्रजी ग्रंथ आपल्या रामूला अर्पण केला. तिच्या सोशिकपणाची आणि निर्मळ मनाची नोंद त्यांनी छापील पानावर करून ठेवली. एवढ्या मोठ्या विद्वानाने जे ऋण मान्य केले ते आपण घरात मान्य करतो का?

बंधूंनो, रागावू नका, पण विचारतो. बुद्धपौर्णिमेची खीर कोण करतं? वंदनेआधी विहार कोण झाडतं? भर उन्हात कापूस वेचून, चार घरची भांडी घासून पोरांच्या फिया कोणी भरल्या? आणि आपल्या कमिट्यांच्या यादीत त्यांची नावे किती? 1928 साली रमाई अध्यक्षा होऊ शकतात, तर आज आपल्या लेकी-सुनांना मागच्या रांगेत बसवण्याचे कारण काय?

म्हणून आमची दोनच मागणी आहेत. येत्या 7 फेब्रुवारीला प्रत्येक घराने आपल्या मायचे, आजीचे नाव, माहेरचे गाव आणि तिने केलेले काम एका वहीत लिहून विहारात आणून द्यावे. त्या गेल्यावर सांगणारे कोणी राहत नाही. आणि कमिटीच्या पुढच्या निवडीत बायकांना खुर्ची द्यावी, नुसता हार नव्हे.

माता रमाईंच्या स्मृतीस आमचे त्रिवार अभिवादन.

नमो बुद्धाय! जयभीम!