एक्स्प्लेनर : नोंद 'तापाची', आजार प्लेगचा, डॉ. व्हिएगास यांच्या निदानाने मुंबईचे आकडे कसे बदलले?

छत्रपती संभाजीनगर : पावसाळ्यात डेंग्यूचे दोन आकडे येतात, संशयित आणि बाधित. रॅपिड किटवर पॉझिटिव्ह आलेला रुग्णही एलायझा चाचणीपर्यंत संशयितच धरला जातो. म्हणजे रुग्ण तोच, पण निकषानुसार रकाना बदलतो. १८९६ मध्ये मुंबईत हाच प्रश्न जिवावर बेतला होता. तो पुढे आणला डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगास यांनी.

कोण होते डॉ. व्हिएगास?
जन्म १८५६, गोव्यातील हडफडे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले. पुढे महापालिकेचे सदस्यही झाले.

नेमके काय घडले?
मांडवी भागात धान्याची गोदामे आणि दाट वस्ती होती. तिथे रुग्णांना ताप येई, जांघेत-काखेत गाठी येत आणि काही दिवसांत मृत्यू होई. तापाने मृत्यू ही तेव्हा नेहमीचीच नोंद असल्याने धोका लक्षात येत नव्हता. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगास यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. प्लेग जाहीर करणे म्हणजे बंदराच्या व्यापारावर संकट, त्यामुळे खात्री आवश्यक होती. चार तज्ज्ञ पथकांनी तपासणी करून निदान बरोबर ठरवले.

नाव मिळाले, मग आकडे खरे झाले?
पूर्णपणे नाही. आता प्लेगची वेगळी नोंद सुरू झाली. पण फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला; घरझडती, सक्तीने रुग्णालयात नेणे सुरू झाले. धास्तीने कुटुंबे रुग्ण लपवू लागली, मृत्यू दुसऱ्या आजाराच्या नावावर जाऊ लागले. त्यामुळे एरवीच्या वर्षांपेक्षा एकूण मृत्यू किती वाढले, यावरूनच साथीचा खरा अंदाज येत होता. कोरोनाकाळातही हाच हिशेब मांडला गेला.

पुढे काय?
डॉ. व्हिएगास यांनी वस्त्यांची सफाई आणि उंदीर निर्मूलनाचा आग्रह धरला. सुमारे १८ हजार जणांना त्यांनी स्वतः लस टोचल्याचे सांगितले जाते. १९०६ मध्ये ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. १९३३ मध्ये त्यांचे निधन झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे.

लक्षात काय ठेवायचे?
रुग्णसंख्या अचानक वाढली किंवा घटली, तर आधी पाहा : आजार बदलला की मोजण्याचा निकष? बाधितांसोबत संशयितांचा आकडाही वाचा.